दगडी भिंतीपासून वीस फूट: गेटिसबर्गच्या एका स्मारकाचा खटला

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६३ मध्ये उत्तर आणि दक्षिण राज्यांची सैन्ये जिथे भिडली त्या, पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या गेटिसबर्गच्या रणभूमीवर आज तेराशेहून जास्त स्मारके आणि खुणेचे दगड आहेत. त्यातल्या एका स्मारकापायी अटक झाली, साक्षीपुरावे झाले आणि प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. एका बाजूला होती ७२ वी पेनसिल्व्हेनिया ही उत्तरेच्या सैन्यातली स्वयंसेवकांची पायदळ पलटण, म्हणजे तिचे हयात सैनिक. दुसऱ्या बाजूला रणभूमीची जमीन सांभाळणारी संस्था. स्मारक व्हावे याबद्दल कोणाचीच हरकत नव्हती. भांडण जागेचे होते, आणि दोन जागांमधले अंतर जेमतेम अडीचशे फुटांचे होते.

ही पलटण १८६१ च्या ऑगस्टमध्ये फिलाडेल्फिया शहरात उभी राहिली. तिच्यात बहुतेक भरती शहरातल्या स्वयंसेवी अग्निशमन दलांतून झाली होती. आग लागली की हातपंप ओढत धावणारी ही माणसे कर्नल डी-विट क्लिंटन बॅक्स्टर यांच्या हाताखाली तीन वर्षांसाठी सैन्यात दाखल झाली. ६९ वी, ७१ वी आणि १०६ वी या आणखी तीन पलटणींबरोबर मिळून त्यांची ब्रिगेड झाली. चारही पलटणी एकाच शहरातून आल्यामुळे तिला फिलाडेल्फिया ब्रिगेड म्हणत. १८६२ च्या सप्टेंबरात अँटिएटमच्या लढाईत पश्चिमेकडच्या रानात या ब्रिगेडची भयंकर कत्तल झाली होती. गेटिसबर्गला आलेली पलटण मूळच्या संख्येच्या निम्म्याहून कमी होती.

पलटणीचे एक लहान स्मारक १८८३ मध्येच रणभूमीवर बसवले गेले होते. १५ जून १८८७ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने कायदा करून गेटिसबर्गला लढलेल्या राज्यातल्या प्रत्येक पलटणीला स्मारकासाठी १५०० डॉलर दिले. राज्यपालांनी नेमलेले आयुक्त आणि पलटणीच्या हयात सैनिकांची समिती यांनी मिळून काम करायचे होते. जमीन मात्र गेटिसबर्ग बॅटलफील्ड मेमोरियल असोसिएशनच्या ताब्यात होती. तिला १८६४ मध्ये याच राज्याने सनद दिली होती. म्हणजे पैसा एकाचा, जमीन दुसऱ्याची आणि मेलेली माणसे तिसऱ्याची.

३ जुलैची दुपार

वाद समजून घ्यायचा तर १८६३ च्या ३ जुलैची दुपार नीट पाहावी लागते, कारण पुढचा सगळा खटला त्या तासाभराचाच आहे.

सेमेटरी रिज या बुटक्या डोंगरधारेच्या पश्चिम उतारावर एक गुडघा-कंबरभर उंचीची दगडी भिंत आहे. एका ठिकाणी ती काटकोनात वळते. त्या कोपऱ्याला 'द अँगल' म्हणतात. कोपऱ्याच्या दक्षिणेला झाडांचा एक लहान पुंजका आहे. ६९ वी पलटण पुंजक्यासमोर भिंतीला चिकटून होती. ७१ वी तिच्या उजवीकडे. मधल्या आणि मागच्या जागेत लेफ्टनंट अलोन्झो कुशिंगचा तोफखाना. १०६ वीची बहुतेक माणसे दुसरीकडे पाठवलेली. ७२ वी राखीव म्हणून मागे, धारेच्या माथ्याजवळ. ब्रिगेडचा सेनापती ॲलेक्झांडर वेब नेमणूक होऊन अवघे पाच दिवस झालेला. माणसांना त्याचा चेहराही धड ओळखीचा नव्हता. कर्नल बॅक्स्टर आदल्या दिवशी जखमी झाल्यामुळे पलटण लेफ्टनंट कर्नल थिओडोर हेसर यांच्याकडे होती.

दुपारी एकच्या सुमारास दक्षिणेच्या सैन्याच्या तोफा सुरू झाल्या. त्या थांबल्यावर साडेबारा हजारांच्या आसपास पायदळ जवळपास मैलभर उघड्या शेतातून चालत आले. ७१ वीची भिंतीवरची माणसे मागे हटली. दक्षिणेचा जनरल आर्मिस्टेड शे-दीडशे माणसे घेऊन भिंत ओलांडून आत आला. बावीस वर्षांचा कुशिंग आपल्या तोफेजवळ मारला गेला.

या क्षणी वेब धावत ७२ वीकडे गेला आणि त्याने पुढे चालून जाण्याचा हुकूम केला. पलटण हलली नाही. ती पळालीही नाही. माथ्यावर उभी राहून भिंतीकडे गोळ्या झाडत राहिली. वेबने निशाणदाराच्या हातातले निशाण ओढायचा प्रयत्न केला आणि निशाणदाराने ते सोडले नाही. मग वेब एकटा ६९ वीकडे खाली गेला. काही मिनिटांनी ७२ वी उतारावरून भिंतीकडे निघाली आणि शेवटी भिंतीला भिडली. निशाण धरणारे एकामागून एक पडले. आर्मिस्टेड कुशिंगच्या तोफांजवळ घायाळ होऊन पडला आणि दोन दिवसांनी मेला.

२ आणि ३ जुलै मिळून ७२ वीचे ४४ ठार, १४६ जखमी आणि २ बेपत्ता झाले. मैदानात साडेचारशेच्या आसपास माणसे होती.

'काही मिनिटांनी' या शब्दांतच पुढच्या भांडणाचे मूळ आहे. पलटण भिंतीकडे निघाली तेव्हा शत्रू अजून लढत होता की मोडला होता? सैनिकांचे म्हणणे होते की ते लढत पुढे गेले आणि त्यांच्या धडकेने शत्रू मोडला. वेबच्या मते ते पुढे आले तेव्हा काम जवळपास संपले होते.

वाद कशावरून

१८८० नंतर असोसिएशनचा कारभार माजी सैनिकांच्याच हाती आला होता. स्मारकांची जागा आणि त्यांवरचा मजकूर जॉन बॅचेल्डर पाहत असे. लढाई संपल्यापासून हा माणूस दोन्ही बाजूंच्या शेकडो अधिकाऱ्यांना भेटत, पत्रे लिहीत आणि नकाशे काढत आला होता. १८८७ च्या डिसेंबरात असोसिएशनने नियम केला: पलटण वेगळी पाठवलेली नसेल तर तिचे स्मारक तिच्या ब्रिगेडच्या लढाईच्या फळीवर हवे आणि शक्य तिथे पलटणीच्या दोन्ही टोकांना खुणेचे दगड हवेत.

हा नियम मला मनापासून पटतो. तो नसता तर प्रत्येक पलटणीने आपली माणसे जिथवर पुढे पोचली होती तिथे दगड रोवला असता आणि भिंतीपाशी स्मारकांची दाटी झाली असती. फळीवर स्मारके असली की आज त्या वाटेने चालणाऱ्याला सैन्य कसे उभे होते ते डोळ्यांनी दिसते. शिवाय नियमाला धार होती. १८८७ च्या जुलैत जुन्या शत्रूंची, म्हणजे फिलाडेल्फिया ब्रिगेडची आणि ३ जुलैला तिच्यावर चालून आलेल्या दक्षिणेच्या जनरल पिकेटच्या डिव्हिजनची, गेटिसबर्गला भेट झाली. पिकेटच्या माणसांना भिंतीच्या आत, आपण पोचलो होतो तिथे, स्मारक हवे होते. त्यांना ती जागा मिळाली नाही. त्यांनी आपले स्मारक रिचमंडच्या हॉलिवूड स्मशानभूमीत उभारले. आर्मिस्टेड पडला तिथे फक्त एक लहान दगड बसला. शत्रूला असे अडवल्यावर आपल्या माणसांसाठी नियम वाकवणे असोसिएशनला अवघड होते, आणि ती अडचण खरी होती.

७२ वीच्या समितीने भिंतीपासून सुमारे २० फुटांवरची जागा मागितली. असोसिएशनने माथ्यावरून जाणाऱ्या हॅनकॉक ॲव्हेन्यू या रस्त्यावरची, भिंतीपासून सुमारे २८० फूट मागची जागा देऊ केली.

त्यात खरी गुंतागुंत नियमाच्या शब्दांची होती. नियमात 'ब्रिगेडची फळी' असे होते, आणि या ब्रिगेडची फळी तर भिंतच होती. ६९ वी आणि ७१ वी यांची स्मारके तिथेच बसली. मग त्याच ब्रिगेडच्या तिसऱ्या पलटणीचे मागे का? उलट बाजूने पाहिले तर ७२ वी लढाईच्या आरंभी दुसऱ्या फळीत होती, हे कोणालाच नाकारता येत नव्हते. राखीव पलटण पुढे आणली जाते तेव्हा तिची फळी कोणती मानायची, याचे उत्तर नियम करणाऱ्यांनी लिहूनच ठेवले नव्हते.

समोरचे पर्याय

समितीपुढचा सर्वांत सोपा रस्ता म्हणजे मागची जागा घेणे. १५०० डॉलर मिळाले असते, स्मारक वेळेत झाले असते आणि १८८९ च्या सप्टेंबरात पेनसिल्व्हेनियाच्या सगळ्या पलटणींचा मोठा सोहळा झाला त्यात ७२ वीही असती. पण त्याचा अर्थ आपण मागेच उभे राहिलो ही कबुली दगडात कोरणे, असे त्यांना वाटले. त्यांच्या जागी कोणीही असता तरी हेच वाटले असते. पंचवीस वर्षे दबक्या आवाजात ऐकलेला ठपका आता अधिकृतपणे रस्त्याच्या कडेला उभा राहणार होता.

दुसरा रस्ता मधला होता: मोठे स्मारक माथ्यावर आणि भिंतीजवळ लहान खुणेचा दगड. गेटिसबर्गला याची उदाहरणे आहेत. २७ व्या कनेक्टिकट पलटणीचे मुख्य स्मारक गव्हाच्या शेतात आहे आणि ती जिथवर पुढे गेली तिथे वेगळा लहान दगड आहे. ७२ वीच्या बाबतीत हाच विचार उलटाही करता आला असता. आधीचे १८८३ चे स्मारक होतेच. मागची जागा त्याच्या किंवा खुणेच्या दगडांच्या आधाराने दाखवून मोठे स्मारक पुढे नेता आले असते. ही तडजोड कोणी नेटाने लावून धरली नाही, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक हीच होती.

तिसरा रस्ता राज्याच्या आयुक्तांचा. पैसा राज्याचा असल्यामुळे त्यांचे वजन होते. पण जमिनीवर पाय ठेवायला परवानगी असोसिएशनचीच लागणार होती. म्हणून शेवटी उरला चौथा, कोर्टाचा.

असोसिएशनलाही निवड होती. अपवाद म्हणून ही एक जागा देऊन ठराव लिहून ठेवता आला असता. त्यांना भीती होती की एक अपवाद केला की दहा अर्ज येतील. ती भीती रास्त होती, पण तिच्यावर उपाय अपवादाची कारणे स्पष्ट लिहिणे हा होता.

काय केले

१८८८ च्या डिसेंबरात समितीने भिंतीजवळ पाया खणायला माणसे लावली. असोसिएशनने परवानगीशिवाय जमिनीत घुसल्याबद्दल समितीतल्या माजी अधिकाऱ्याला अटक करवली. ज्या जमिनीवर आपली माणसे मेली तिथे कुदळ मारली म्हणून गुन्हेगार ठरणे किती जिव्हारी लागले असेल, ते सांगायला नको. पण अटक करवून घेण्यात हिशेबही होता, असे मला वाटते. तोवर हा एका समितीचा पत्रव्यवहार होता. अटकेनंतर तो कायद्याचा प्रश्न झाला.

१८८९ मध्ये पलटणीच्या सैनिकांनी गेटिसबर्ग ज्यात येते त्या ॲडम्स काउंटीच्या न्यायालयात दावा लावला. साक्षी सुरू झाल्या. पन्नाशी गाठलेली माणसे फिलाडेल्फियाहून आली आणि शपथेवर सांगू लागली: कोण कुठे उभा होता, निशाण कोणाच्या हातात होते, तोफेच्या कोणत्या बाजूला कोण पडला, भिंतीला हात लागला तेव्हा पलीकडून गोळ्या येत होत्या की नाही. बॅचेल्डरने साक्ष दिली. वेबनेही दिली. तो तेव्हा न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजचा अध्यक्ष होता. त्याने हुकूम देऊनही पलटण कशी हलली नाही आणि निशाणदाराशी त्याची झटापट कशी झाली, ते सांगितले.

सैनिकांना त्याच्या साक्षीचा घाव खोल बसला. त्यांचे उत्तर असे होते: आम्ही त्याला ओळखत नव्हतो, त्या गदारोळात हुकूम ऐकू आला नाही, आम्ही माथ्यावरून गोळीबार करत फळी धरली आणि मग पुढे गेलो. त्यांच्या बाजूने एक भक्कम कागदही होता, आणि तो वेबचाच. लढाईनंतर काही दिवसांनी लिहिलेल्या अधिकृत अहवालात वेबने म्हटले होते की ७२ वीला माथा धरण्यासाठी पुढे आणले आणि ती शत्रूच्या फळीपासून ४० पावलांपर्यंत गेली. १८६३ च्या कागदात ना निशाणावरची झटापट होती ना दोषारोप. माणूस खोटे बोलत होता असे मी म्हणत नाही. ताज्या विजयानंतर सेनापती आपल्या पलटणीला सांभाळून घेतो आणि सत्तावीस वर्षांनी शपथेवर विचारले की मनात राहिलेले बोलतो. दोन्ही लिखाणे खरी असू शकतात. न्यायाधीशाला मात्र त्यातले एक निवडावे लागते.

निकाल आणि नंतर

खालच्या न्यायालयाने पलटणीच्या बाजूने हुकूम दिला. असोसिएशन अपिलात गेली. १८९१ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सैनिकांचा विजय कायम केला. ४ जुलै १८९१ रोजी भिंतीजवळच्या स्मारकाचे अनावरण झाले. बंदूक उलटी धरून दस्त्याने वार करायला उभा असलेला काशाचा सैनिक, ग्रॅनाइटच्या चौथऱ्यावर, तोंड पश्चिमेला. त्याच वर्षी वेबला ३ जुलैच्या कामगिरीसाठी मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले.

या खटल्यातून एक फळ असे निघाले ज्याची कोणी अपेक्षा केली नव्हती. अँगलमध्ये काय घडले याच्या शपथेवरच्या साक्षी इतक्या मोठ्या संख्येने दुसऱ्या कुठल्याच निमित्ताने गोळा झाल्या नाहीत. त्या दुपारचा अभ्यास करणारे आजही या खटल्याच्या छापील कागदांकडे वळतात. भांडणाने स्मृती बिघडवल्याही आणि जपल्याही. एकाच साक्षीत दोन्ही गोष्टी दिसतात, म्हणून ती वाचताना साक्षीदार काय जिंकायला बसला होता हे लक्षात ठेवावे लागते.

१८९५ मध्ये रणभूमी केंद्र सरकारच्या युद्धखात्याकडे गेली आणि १९३३ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेकडे. २०११ मध्ये निघालेल्या पाव डॉलरच्या गेटिसबर्ग नाण्यावर याच स्मारकाचे चित्र आहे. २०१३ च्या जूनमध्ये, लढाईच्या दीडशेव्या वर्षदिनाच्या आठवडाभर आधी, वादळाने पुतळा चौथऱ्यावरून खाली पाडला. तो पुढे दुरुस्त करून परत जागेवर बसवला.

या निकालाची किंमत मात्र ६९ व्या पलटणीने मोजली, आणि तिचा उल्लेख टाळून हे प्रकरण पुरे होत नाही. ती सगळा वेळ भिंतीवर होती. तिचा कर्नल डेनिस ओ'केन आणि लेफ्टनंट कर्नल मार्टिन चूडी दोघेही त्या दिवशी पडले. उजवीकडची माणसे हटली तेव्हाही ती झाडांपाशी हातघाईवर लढली. तिच्या स्मारकाजवळच ७२ वीचा उसळून वार करणारा काशाचा सैनिक आता उभा आहे आणि पाहणाऱ्याची नजर आधी त्याच्याकडेच जाते. भिंत धरणाऱ्यांची कथा धावून आलेल्यांच्या मागे सरली. ६९ वीच्या माजी सैनिकांना हे खुपले, आणि त्यात क्षुद्रपणा नव्हता.

वेगळे काय करता आले असते

असोसिएशनने 'फळी' या शब्दाची व्याख्या नियमातच करायला हवी होती. राखीव पलटणीच्या स्मारकासाठी दोन जागा ठरवता आल्या असत्या: ती कुठे थांबली होती आणि शेवटी कुठे लढली. दोन्हींसाठी दगड, आणि मोठा कुठला हे ठरवायचे ते एका निकषावर, माणसे जास्त कुठे पडली त्यावर. ७२ वीच्या बाबतीत हा निकष लावायला साक्षीही १८६३ पासून उपलब्ध होत्या. बॅचेल्डर पत्रे गोळा करत होताच. वाद पेटण्याआधी, कोणाचीही अब्रू पणाला लागलेली नसताना, माथ्यापासून भिंतीपर्यंतच्या त्या उतारावर कोण कुठे पडले याची यादी करता आली असती. १८८८ मध्ये विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला बाजू चिकटलेली होती.

सैनिकांच्या समितीने कोर्टात जाण्याआधी ६९ वीशी बोलायला हवे होते. एकाच शहरातली, एकाच ब्रिगेडची माणसे होती. त्यांची संमती असती तर असोसिएशनच्या हातात 'दुसऱ्यांवर अन्याय होईल' हे कारण उरले नसते. आणि भिंतीजवळच्या स्मारकांच्या उंची आणि आकाराबद्दल दोन्ही पलटणींना आपसात ठरवता आले असते.

मजकुराच्या बाबतीत मात्र त्यांनी जे केले ते योग्य केले. तोफांच्या भडिमाराच्या वेळी पलटण स्मारकाच्या डावीकडे मागे होती, पुढची फळी ढळल्यावर ती लढत पुढे आली आणि तिने भिंत धरली, असे चौथऱ्यावर लिहिले आहे. जिंकलेल्या पक्षाने मागे उभे असल्याची नोंद स्वतः कोरून घेतली. वेबचा हुकूम त्यात नाही, निशाणावरची झटापटही नाही, आणि मृतांच्या दगडावर त्यांची गरजही नव्हती. आपले पहिले स्थान कुठे होते हे मात्र तिथे आहे, आणि तेवढ्याने उभ्या असलेल्या जागेवरून मागे वळून माथ्याकडे पाहणाऱ्याला दोन्ही जागा आणि त्यांच्या मधला, जिथे माणसे पडली तो उतार, एकत्र वाचता येतो.